आधी चावते, मग मापाची होते... सायकलची चामड्याची सीट नेमकी बसवायची कशी?

सायकलिंगचा नाद लागलेल्या माणसाचा प्रवास साधारण ठरलेला असतो. आधी गिअरवाली सायकल येते. मग हेल्मेट येतं, हातमोजे येतात, स्ट्राव्हाचे स्क्रीनशॉट स्टेटसला पडायला लागतात. आणि तिसऱ्या-चौथ्या लाँग राइडनंतर गडी गुपचूप सायकल मार्टमध्ये जाऊन विचारतो, "जरा मऊ सीट आहे का हो?"

दुकानदार जेलचं कव्हर काढून देतो. पहिले दहा किलोमीटर स्वर्ग वाटतात. तिसाव्या किलोमीटरला परत तेच दुखणं, उलट थोडं जास्तच.

मग ग्रुपमधला एखादा जुना सायकलस्वार सांगतो, "चामड्याची सीट घे." ती हातात घेतली की पहिला प्रश्न पडतो, ही चेष्टा आहे का? कारण नवी चामडी सीट बोटाने दाबली तर हलत नाही, पाटावर बसल्यासारखी टणक असते. तरीही दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे करणारी बरीच मंडळी तिच्यावरच बसलेली दिसतात. आणि त्याच सीटला शिव्या देऊन महिन्याभरात ती ओएलएक्सवर टाकणारेही कमी नाहीत.

या दोघांच्या अनुभवात एवढा फरक का पडतो? बऱ्याचदा सीट तीच असते, फक्त ती बसवण्यात चूक झालेली असते.

मऊ सीट जास्त का दुखते?

आपण खुर्चीत बसतो तेव्हा वजन मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर पसरतं. सायकलवर तसं होत नाही. तिथे वजन येतं ते ओटीपोटाच्या हाडाच्या खालच्या दोन उंचवट्यांवर. कडक पायरीवर बसून तळहात खाली घातला की ही दोन हाडं बोटांना लागतात. त्यांना आपण बसण्याची हाडं म्हणू. वजन पेलण्याचं काम या हाडांचं आहे. त्यांच्या मधला जो नाजूक भाग आहे, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्याचं ते काम नाही.

जाड फोम किंवा जेलच्या सीटवर ही हाडं आत रुततात. हाडं खाली गेली की मधला फोम वर येतो आणि नेमका त्या नाजूक भागावर दाब देतो. म्हणून मऊ सीटवर आधी छान वाटतं आणि नंतर बधिरपणा येतो.

चामडी सीट वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात फोम नसतोच. जाडजूड चामड्याचा एकच तुकडा पुढे नाकाशी आणि मागे लोखंडी पट्टीवर रिव्हेटने ठोकलेला असतो, मधे तो अधांतरी ताणलेला असतो. झोळी किंवा बाजेसारखं समजा. सुतळीची बाज नवी असताना कडक लागते, वर्षभराने झोपणाऱ्याच्या अंगाप्रमाणे तिला खोलगा पडतो. इथेही बसण्याच्या हाडांखाली हळूहळू दोन उथळ खळगे पडतात आणि वजन तिथे स्थिर होतं.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण अजून नेमकं बसतं. दोन्हीकडे वनस्पतींच्या सालीतून आणि फळांतून काढलेल्या रसायनांनी कमावलेलं चामडं वापरतात. असं चामडं सुरुवातीला ताठ असतं, घाम, उष्णता आणि वजन मिळालं की आकार घेतं आणि तो आकार धरून ठेवतं. नवी कोल्हापुरी चावते म्हणून कुणी फेकून देत नाही. पण दोन नंबर छोटी कोल्हापुरी घेतली, तर ती कितीही वापरली तरी चावतच राहणार. सीटचंही तसंच आहे.

घोडा मेला आणि सीट जन्माला आली

चामडी सीट म्हटलं की ब्रुक्स हे नाव येतंच. जॉन बोल्टबी ब्रुक्स या माणसाने १८६६ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये घोड्याचं खोगीर, लगाम आणि चामड्याच्या वस्तूंचा धंदा सुरू केला. कंपनी स्वतःच सांगते ती गोष्ट अशी, की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, नवा परवडेना म्हणून त्याने कामावर जायला सायकल उसनी घेतली. त्या सायकलची सीट इतकी वाईट होती की गड्याने स्वतःच नवी बनवायला घेतली. १८८२ मध्ये सीटचं पहिलं पेटंट दाखल झालं. बी १७ नावाचं मॉडेल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलं आणि ते आजही विकलं जातं. मोबाइलचं मॉडेल दोन वर्षांत जुनं होणाऱ्या जमान्यात हे जरा पचायला जडच जातं. २००२ मध्ये ब्रुक्स इटलीच्या सेले रॉयाल कंपनीकडे गेली, पण चामडी सीटचा कारखाना बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्येच राहिला.

आपल्याकडे चामडी सीट अगदीच परकी नाही. काळ्या उंच रोडस्टर सायकली, ज्यांच्यावर दूधवाल्याचे कॅन आणि पोस्टमनची पिशवी असायची, त्यांच्या जुन्या पिढीत स्प्रिंगवाल्या चामडी सीट असायच्या. नंतर रेक्झिन आणि प्लॅस्टिक आलं. अजूनही वाड्याच्या जिन्याखाली आजोबांची सायकल पडलेली असेल, तर तिच्या सीटवरचं कव्हर काढून बघा. खाली चामडं निघण्याची शक्यता आहे.

विकत घेण्याआधीची पट्टी

सीट बसवण्याची पहिली पायरी दुकानात जाण्याआधी घरीच होते. टीव्हीच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा घ्या, तो कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा आणि त्यावर पातळ कपड्यात बसा. पाय थोडे वर उचला, किंचित पुढे वाका, अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खड्डे दिसतील. खडू घासला की अजून स्पष्ट होतात. दोन्ही खड्ड्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं १०० ते १५० मिलिमीटरच्या आत येतं. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने थोडं जास्त असतं, पण ठरवायचं ते पुठ्ठ्यावरून, स्त्री-पुरुष बघून नाही.

साध्या सीटसाठी या आकड्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवले की अंदाजे रुंदी मिळते. चामडी सीटमध्ये एक मेख आहे. तिच्या मागच्या कडेला लोखंडी पट्टी असते आणि हाडं त्या पट्टीवर आली तर कितीही किलोमीटर चालवा, चामडं तिथे कधीच बसणार नाही. हाडं पट्टीच्या आत, लवचीक भागावर यायला हवीत. म्हणून चामडी सीट कागदावर थोडी जास्त रुंद वाटली तरी चालते. बी १७ सुमारे १७५ मिलिमीटर रुंद आहे आणि तरीही ती बारीक माणसांनाही चालते, ती याच कारणाने.

दुसरा प्रश्न बसण्याच्या पद्धतीचा. हँडल सीटपेक्षा बरंच वर असेल आणि तुम्ही ताठ बसत असाल, तर जवळजवळ सगळं वजन सीटवर येतं. अशा वेळी रुंद आणि स्प्रिंगवाली सीट हवी. हँडल सीटच्या बरोबरीला असेल तर बी १७ सारखा मधला आकार. आणि वाकून, हँडल खाली ठेवून रेसिंगच्या पोझमध्ये चालवत असाल तर अरुंद मॉडेल लागतं, कारण पुढे झुकल्यावर ओटीपोटाचं हाड फिरतं आणि टेकण्याची जागा अरुंद होते. ताठ बसणाऱ्याने रेसिंगची सीट घेणं आणि वाकून बसणाऱ्याने सोफ्यासारखी रुंद सीट घेणं, या दोन्ही चुका सर्रास होतात. दुसऱ्या चुकीत मांड्या घासून सोलवटतात.

समोरच्या भागात दाब येत असेल तर मधे लांबट खाच कापलेली मॉडेल मिळतात. बऱ्याच महिला सायकलस्वारांना ती जास्त सोयीची वाटतात. छोट्या नाकाचं एस मॉडेलही आहे, ते मुळात स्कर्ट घालून चालवणाऱ्यांचा विचार करून आखडलेलं. साडी किंवा लांब कुर्ता असेल तरी त्याचा उपयोग होतो.

आणि घेताना खालची बाजू बघायला विसरू नका. आजच्या गिअरच्या सायकलींच्या सीट पोस्टला दोन सळया धरणारा क्लॅम्प असतो. जुन्या रोडस्टरला नुसती गोल नळी असते आणि सीटसोबत आलेली क्लिप त्यावर आवळतात. ब्रुक्समध्ये बी ६६ ही जुन्या पद्धतीची, तर जवळपास तीच सीट नव्या क्लॅम्पसाठी हवी तर बी ६७. हे न बघता ऑनलाइन मागवलं की पार्सल घरी येतं, सीट काही बसत नाही.

भारतात ब्रुक्स मागवायची तर पाच आकडी रकमेची तयारी ठेवावी लागते. त्यामुळे हा सगळा हिशोब आधी केलेला बरा.

जुनी सीट काढण्याआधी थांबा

ही पायरी नव्वद टक्के लोक वगळतात असं कुठलाही मेकॅनिक वैतागून सांगेल. जुनी सीट काढायच्या आधी टेप घ्या. पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचंही लिहा. मोबाइलमध्ये बाजूने एक फोटो काढा. नवीन सीटवर काही बिनसलं तर परत यायला ठिकाण हवं.

चामडी सीट साध्या सीटपेक्षा उंच असते. म्हणजे सळयांपासून वरच्या चामड्यापर्यंतचं अंतर जास्त असतं. पोस्टला हात न लावता नुसती सीट बदलली, तर तुम्ही नकळत एक-दीड सेंटिमीटर वर जाऊन बसता. मग कंबर डावी-उजवीकडे हलायला लागते, घासतं, आणि दोष चामड्याला दिला जातो.

उंची

सगळ्यात सोपी पद्धत टाचेची. सायकल भिंतीला टेकवा, नेहमीचे बूट घाला, सीटवर बसा. एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न झुकवता गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना पायाचा चवडा पेडलवर येतो तेव्हा गुडघ्यात आपोआप हलकासा बाक राहतो. तो बाक साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा.

आकडेमोड आवडत असेल तर टूर द फ्रान्स तीन वेळा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे सीटसारखं वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्या मापाला ०.८८३ ने गुणायचं. माप ८० सेंटिमीटर आलं तर उत्तर ७०.६४. म्हणजे मधल्या आसापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ७० सेंटिमीटर आणि वर थोडं. हा आकडा सुरुवातीसाठी आहे, दगडावरची रेघ नाही. जाड तळव्याचे बूट, वेगळ्या लांबीचे क्रँक, आखडलेल्या मांड्या, या सगळ्याने तो थोडाफार बदलतो.

पोस्टवर कमीत कमी किती भाग आत राहिला पाहिजे याची रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसत असेल तर पोस्ट वाकण्याचा किंवा फ्रेम चिरण्याचा धोका आहे. उंच माणसाने लांब पोस्ट घ्यावा, रेघेशी खेळू नये.

चामडी सीटच्या बाबतीत उंचीचं काम एकदाच संपत नाही. चामडं बसत जातं तसे तुम्ही काही मिलिमीटर खाली येता. हजारभर किलोमीटर झाले की पुन्हा टेप लावा आणि तेवढा पोस्ट वर घ्या. अचानक गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागण्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

पुढे की मागे?

इथे चामडी सीटची खरी अडचण समोर येते. या सीटच्या खालच्या सळयांचा सरळ, क्लॅम्पमध्ये धरता येणारा भाग आखूड असतो. हा आकार त्या काळचा आहे जेव्हा सायकलींची मागची नळी जास्त तिरकी असायची आणि सीट आपोआप मागे यायची. आजच्या रोड बाइक आणि हायब्रिडची नळी जास्त उभी असते. त्यामुळे चामडी सीट सगळ्यात मागे सरकवली तरी बऱ्याच जणांना ती पुढेच वाटते. मग माणूस चालवताना मागे मागे सरकतो आणि थेट लोखंडी पट्टीवर जाऊन बसतो. "चामडं काही बसतच नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. उपाय म्हणजे मागे वळलेल्या डोक्याचा, सेटबॅक असलेला सीट पोस्ट. सीटवर एवढे पैसे घातल्यावर हा खर्च जिवावर येतो खरा, पण तो टाळून सीट वाया घालवण्यापेक्षा परवडतो.

सुरुवातीची जागा ठरवायला गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. नसेल तर दोऱ्याला एखादा नट बांधा. सीटवर बसून दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून दोरा सोडा. तो पेडलच्या आसाजवळून गेला की बरं. यामागे फार मोठं शास्त्र आहे असं नाही, पण कुठून तरी सुरुवात करायची असते आणि ही जागा बहुतेकांना मानवते.

सीट मागे नेली की पेडलपासूनचं अंतर वाढतं, म्हणजे उंचीही किंचित वाढल्यासारखी होते. म्हणून मागे सरकवल्यावर उंची पुन्हा तपासायची.

नाक वर, पण किती?

साधी सीट पाणसळ लावून सपाट ठेवली की निम्मं काम होतं. चामडी सीट तशी सपाट ठेवली की माणूस पुढे घसरतो. कारण ती मधे झोळीसारखी खाली जाते आणि मागच्या भागाचा उतार नाकाकडे राहतो. घसरू नये म्हणून शरीर हातांनी रेटा देतं. तासाभरात मनगटं दुखतात, करंगळी बधिर होते, खांदे भरून येतात. दुखतात हात, पण दोष असतो सीटच्या कोनाचा.

म्हणून चामडी सीटचं नाक थोडं वर ठेवतात. लक्ष्य असं, की जिथे हाडं टेकतात तो मागचा भाग सपाट व्हावा. सायकल सपाट फरशीवर उभी करा. पार्किंगचा उतार चालणार नाही, आधी फरशीवरच मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप ठेवून शून्य येतंय का बघा. मग सीटवर लांबीच्या दिशेने स्टीलची पट्टी ठेवा, तिच्यावर मोबाइल. दोन अंश नाक वर, इथून सुरुवात करा.

पुढे घसरताय तर अजून एक अंश वर. समोरच्या नाजूक भागात दाब येतोय तर एक अंश खाली. एका वेळी एकच बदल, आणि बदल केल्यावर किमान वीस-तीस किलोमीटर चालवून बघायचं. सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून काही कळत नाही. ॲलन की, ज्याला दुकानात सगळे एलएन की म्हणतात, ती पहिले पंधरा दिवस खिशात असू द्या.

जुन्या धाटणीच्या क्लिपमध्ये दाते असतात आणि एक दाता सरकला की कोन एकदम काही अंशांनी बदलतो. एका दात्यावर घसरताय आणि पुढच्यावर टोचतंय अशी कोंडी होते. दोन बोल्टचा सीट पोस्ट असेल तर एक बोल्ट सैल करून दुसरा आवळत अगदी केसभर कोन बदलता येतो. चामडी सीट वापरणाऱ्यांमध्ये हा पोस्ट लोकप्रिय आहे तो उगाच नाही.

बधिरपणा आला तर चेष्टेवारी नेऊ नका

सीट कुठलीही असो, चालवताना किंवा उतरल्यावर गुप्तांगाच्या भागात मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, तर ते सहन करण्यासारखं दुखणं नाही. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातायत असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांवर अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने नाक नसलेल्या सीट वापरल्यावर त्यांच्यातल्या बधिरपणाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. दाब कमी केला की फरक पडतो, हे त्यातून दिसलं.

अशा वेळी आधी कोन आणि उंची बघा. सीट फार वर असेल तर प्रत्येक पेडलला शरीर नाकावर आपटतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून अर्धा मिनिट चालवायची सवय लावा. तरीही जात नसेल तर ती सीट, कितीही महागाची असली तरी, तुमच्यासाठी नाही. उतरल्यावरही काही तास बधिरपणा टिकला, लघवीला त्रास झाला किंवा रक्त दिसलं, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. लाजेपोटी हा विषय ग्रुपवर कुणी काढत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच होतंय.

बसण्याच्या हाडांवरची दुखरी जाणीव मात्र वेगळी. ती व्यायाम सुरू केल्यावर पाय दुखतात तशी असते. दोन-तीन आठवड्यांत ती ओसरते.

चामडं मऊ करण्याचे उद्योग

यूट्यूबवर हे उद्योग भरपूर सापडतील. सीट रात्रभर तेलात बुडवा, गरम पाण्यात भिजवा, हातोडीने ठोका. यातलं काहीही करू नये. भरपूर तेल प्यायलेलं चामडं लवकर मऊ होतं हे खरं, पण ते तिथे थांबत नाही. ते ढिलं पडत जातं आणि दोन-तीन वर्षांत सीटची झोळी होते. पंधरा-वीस वर्षं चालणारी वस्तू महिनाभराच्या घाईपायी घालवायची.

त्यापेक्षा मेणासारखं चामड्याचं ड्रेसिंग वापरतात. ब्रुक्सचं प्रूफाइड नावाचं असतं, त्यात प्राण्यांची चरबी, मेण आणि सिट्रोनेला तेल असतं. कापडाने पातळ थर द्यायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी पुसून चमक काढायची. नवी असताना खालच्या कोऱ्या बाजूलाही एकदा जाडसर हात द्यावा. पहिल्या काही महिन्यांत दोन-तीनदा, नंतर तीन-सहा महिन्यांतून एकदा पुरे. बाकी काम चालवण्याने होतं. काहींना ती शंभर किलोमीटरमध्ये मानवते, काहींना पाचशे लागतात, जाड चामड्याच्या मॉडेलला हजारही.

चामडं गोवंशाचं असतं आणि ड्रेसिंगमध्येही चरबी असते. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी ब्रुक्सचीच कँबियम ही रबर आणि सुती कापडाची सीट आहे. तिला मेण लागत नाही, पावसाचं भय नाही आणि मऊ होण्याची वाट बघावी लागत नाही. कोकणात राहणाऱ्याने तिचा विचार करावा.

नाकाखालचा तो नट

चामडी सीटच्या नाकाखाली एक लांब बोल्ट आणि नट असतो. त्यासाठी वेगळा पानाही मिळतो. हा नट फिरवला की नाक पुढे ढकललं जातं आणि चामडं ताणलं जातं. पाना हातात आला की तो फिरवायचा मोह होतो आणि बहुतेक सीट इथेच मरतात.

नव्या सीटला या नटाला हातसुद्धा लावायचा नाही. कडक वाटते म्हणून सैल करायचा नाही आणि थोडी बसली म्हणून आवळायचाही नाही. हाडांखाली खळगे पडणं हेच तर हवं होतं, ते ताणून सपाट केले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संपूर्ण सीट मधे लोंबायला लागली, बसल्यावर चामडं खाली सळयांना टेकण्याइतकं आलं, तरच पाव फेरा द्यायचा. शंभर किलोमीटर चालवायचं आणि बघायचं. वर्षभरात अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त लागत असेल तर गडबड दुसरीकडे आहे, बहुधा चामडं भिजलंय. जास्त ताणलं की रिव्हेटपाशी चामडं फाटतं, आणि ते मग शिवता येत नाही.

कधीकधी ताण ठीक असतो, पण दोन्ही बाजूंच्या झालरी बाहेर फाकतात आणि मांड्यांना घासतात. तेव्हा जुना इलाज असा, की झालरींच्या खालच्या कडेला समोरासमोर काही भोकं पाडायची आणि बुटाच्या नाडीने त्या आतून एकमेकींना बांधायच्या. चपला-बूट शिवणारा कारागीर हे काम दहा मिनिटांत करतो. भोकं कडेपासून सेंटिमीटरभर आत असावीत, नाहीतर नाडी चामडं चिरत बाहेर येते.

पावसाचे चार महिने

चामडी सीटचा खरा शत्रू वरून येणारा पाऊस नाही, खालून उडणारं पाणी आहे. मागच्या चाकाने उडवलेला चिखल थेट सीटच्या कोऱ्या बाजूला लागतो आणि तिथे मेणाचा थर सहसा नसतो. मागचं मडगार्ड असेल तर निम्मी काळजी मिटते. हल्लीच्या एमटीबींना मडगार्ड नसतं, दिसायला बरं दिसत नाही म्हणून लोक लावतही नाहीत. चामडी सीट लावायची तर हा हट्ट सोडावा लागेल.

सीटवर पिशवी बांधली तर ती नाकाखालून आणि मागून नीट खोचलेली हवी. सायकल उभी असताना कव्हर घाला, पण ओल्या सीटवर तेच कव्हर दिवसभर ठेवलं तर आत बुरशी धरते. भिजलेल्या चामड्यावर बसून चालवलं की ते ताणलं जातं आणि ताणलेलं परत येत नाही. भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपून सावलीत, पंख्याच्या हवेला दिवसभर ठेवा. हेअर ड्रायर, गॅसजवळ ठेवणं, कडक ऊन, या सगळ्याने चामडं तडकतं. पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात. बुरशीची पांढरी बुंदकी आली तर घाबरायचं कारण नाही, किंचित ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, मेण लावा.

जिन्याखालची सीट

आजोबांच्या सायकलची चामडी सीट वापरात आणायची असेल तर आधी नटाला हात लावू नका. वर्षानुवर्षं सुकलेलं चामडं ताणलं की कागदासारखं फाटतं. धूळ झटका, ओलसर फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग आठवडाभर रोज पातळ मेण द्या, दोन्ही बाजूंनी. अंगठ्याने जोरात दाबल्यावर चामडं किंचित लवलं तर सीटमध्ये जीव आहे. रिव्हेटभोवती भेगा असतील किंवा चामडं पत्र्यासारखं कटकट वाजत असेल, तर ती भिंतीवर टांगायला छान. सळया आणि स्प्रिंगांचा गंज काढून सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडला की कर्र कर्र आवाजही कमी होतो.

आणि नवी असो वा जुनी, शहरात चामडी सीट चोरीला जाते. एलएन की किंवा हाताने उघडणाऱ्या खटक्यावर ती अर्ध्या मिनिटात निघते. खटक्याऐवजी साधा बोल्ट लावा, आणि सायकलची जुनी चेन ट्यूबच्या तुकड्यात घालून सीटच्या सळया आणि फ्रेम यांच्यातून कायमची ओवून टाका. चेन जोडायला आणि तोडायला वेगळं हत्यार लागतं, ते चोराच्या खिशात सहसा नसतं.